वडील खेड्यात शिक्षक होते अशा कुणी सांगेल का, त्यांनी आयुष्यभर नेमकं काय केलं? त्यांच्यातलं काय आठवतं?

माझे वडील, आमचे अण्णा, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गुरुजी होते. शिकवण्यात ते जगावेगळे नव्हते. पाढे घोकून घ्यायचे, शुद्धलेखन चुकलं की छडी काढायचे (ते मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही), आणि गणित सोडलं तर काही रंगवून सांगणं त्यांना जमायचं नाही. त्यांचं खरं काम होतं पोरं शाळेत टिकवण्याचं. ते सगळं वर्गाबाहेर चालायचं.

आमच्या भागाची गोष्ट माहीत नसेल तर सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजूर गोळा करून नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचं. पोरं सोबत. तिथे कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या खोपटावर, थोरल्या पोरीनं धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, मोळ्या बांधायला हात लावायचा. म्हणजे जूनमध्ये शाळेत आलेलं पोर ऐन मधल्या पाच-सहा महिन्यांत गायब, आणि परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर. तेव्हा पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच वर्गात बसायचं. तिसऱ्या वर्षी शाळेकडे फिरकायचंच नाही.

गंमत अशी की शिक्षकांची पदं ठरतात ती 30 सप्टेंबरच्या पटावर. तेव्हा गाव गावातच असतं. कागदावर शाळा कायम भरलेली! मन मारून नोकरी करायची असती तर अण्णांना कुणी विचारलंही नसतं.

ते मात्र घटस्थापनेपासून घरोघर फिरायला लागायचे. पोरांच्या आईबापांशी फार बोलत बसायचे नाहीत, कारण उचल घेतलेला माणूस थांबणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते म्हाताऱ्यांना गाठायचे. "आक्का, पोराला तुझ्यापाशी ठेव. अभ्यासाचं मी बघतो, दुखलं-खुपलं तर मी आहे." आजी म्हणायची, माझंच भागंना गुरुजी, त्याला काय घालू? 1995 मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला आणि 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायला लागला, तेव्हा अण्णांना या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पोरगं गावात राहिलं तर तांदूळ, कोपीवर गेलं तर नाही. भाषणानं जे झालं नव्हतं ते त्या तांदळानं काही घरांत झालं. गरीब घरांतल्या पोरींसाठी 1992 पासून दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता होता, तोही ते आज्यांना बोटांवर मोजून दाखवायचे. पुढे ताजी खिचडी शाळेतच मिळायला लागली, मग हंगामी वसतिगृहं आली, काही कारखान्यांवर तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या. तोवर अण्णा निवृत्तीला आले होते.

ज्या पोरांना आजीही नव्हती ती आमच्याकडे असायची. दोन खोल्यांच्या घरात थंडीभर दोन-तीन पोरं जास्तीची. इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. अण्णांचे सत्कार झाले, शाल-नारळ मिळाले, आणि प्रत्येक भाषणात "गुरुजींनी पोरांना घरी सांभाळलं" असं आलं. गुरुजींनी घरी आणलं. सांभाळलं आईनं. भाकरी तिनं थापल्या, डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, रात्री रडणाऱ्याला थोपटलं तिनं. व्यासपीठावर मात्र तिला कधी कुणी बोलावलं नाही.

आणि वडील म्हणून? शाळेत मीही त्यांना गुरुजीच म्हणायचे. घरी ते आमच्या वाट्याला उरलेसुरले यायचे. पण आमच्यासाठी वेगळं असं त्यांनी काही राखून ठेवलं नाही, तसं आम्हाला वगळूनही काही केलं नाही. कंदिलाभोवती सगळ्यांनी बसायचं, मी आणि भाऊही त्यातच. मॅट्रिकनंतर मला तालुक्याला ठेवायचं ठरलं तेव्हा भावकीत कुरकुर झाली. अण्णा एवढंच म्हणाले, "लोकांच्या पोरी थांबवून घ्यायच्या आणि आपली बसवायची, असं कसं चालेल?" त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतात ती कार्डं. तेव्हा पोस्टकार्ड 15 पैशांना मिळायचं. मागे राहिलेल्या प्रत्येक पोरानं कारखान्यावरच्या आईबापाला कार्ड लिहायचं, हाच मराठीचा तास. पत्ता कारखान्याचा, मार्फत मुकादम. "ती. बाईस व दादास शि. सा. न. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. आजीला ताप होता, आता बरी आहे. मला तेराचा पाढा येतो." आईबापांना वाचता येत नसे, मग कारखान्यावरचा कुणी स्लीपबॉय, म्हणजे उसाच्या चिठ्ठ्या देणारा पोरगा, वाचून दाखवायचा. अण्णा कार्डातल्या चुका दुरुस्त करायचे नाहीत. वहीत ऱ्हस्व-दीर्घासाठी छडी काढणारा माणूस कार्डाला हात लावत नसे. उत्तरं क्वचितच यायची. एकदा आलं त्यात पोराच्या अभ्यासाबद्दल अक्षर नव्हतं, शेळीच्या पाटी (मादी करडं) विकू नका एवढाच निरोप होता. अण्णांनी ते कार्ड वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं.

गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो, तोही त्यांच्यासारख्यांचाच उद्योग. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये भरते, वय बसलं पाहिजे, मग लिहा 1 जून. आजही दाखल्याचं काही अडलं की लोक अण्णांना आठवतात, कधी प्रेमानं, कधी वैतागून.

त्यांनी टिकवलेल्या पोरांपैकी सगळीच साहेब झाली असं मी सांगणार नाही. काही पोलिसात गेली, एक मुलगी नर्स झाली, बरीच पुन्हा कोयत्यावरच गेली. एक जण तर मुकादम झाला. निवृत्तीनंतर तो घरी भेटायला आला, जरा ओशाळलेलाच. अण्णांनी त्याची हिशेबाची वही मागून घेतली. कुणाला किती उचल, किती टन तोड, किती फिटले, सगळं कोयत्यागणिक लिहिलेलं, प्रत्येकाची सही घेतलेली. अंगठे अगदी थोडे. अण्णांनी पानामागून पान तपासलं, बेरजेतली एक चूक लाल पेनानं दुरुस्त केली आणि त्याला म्हणाले, "ह्या कोयत्याचे 200 रुपये तुझ्याकडे निघतात. जाताना देऊन जा."