गांजा ओढल्यावर रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात, असं का होतं?

होतं काहींना. गांजातल्या नशा आणणाऱ्या टीएचसीने हार्टबीट वाढतात, घाबरल्यासारखं होतं, अंगात जे काही चाललंय ते जरा जास्तच जाणवतं, त्यात आपल्याकडे तंबाखू मिसळून ओढतात म्हणजे निकोटिनही आलंच. गंमत म्हणजे रेस्टलेस लेग्जवाले (म्हणजे पाय सारखे हलवावेसे वाटण्याचा त्रास असलेले) काही जण उलट पाय शांत होतात म्हणून ओढतात. रोजची सवय होती आणि एकदम बंद केलं असेल तर 1-2 दिवसांत बेचैनी सुरू होते, झोप उडते, पहिला आठवडा जडच जातो. पण न ओढलेल्या रात्रीही होत असेल तर सगळं खापर गांजावर फोडू नका, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट) चेक करा, नुसतं हिमोग्लोबिन नाही, ते नॉर्मल असूनही आयर्न कमी असू शकतं. रात्रीचा चहा, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या यांनीही वाढतं. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला गांजाचंही खरं सांगा.