'यीस्ट' आणि 'सायास' एकाच हंडीतले

प्रश्न असा आला : 'यीस्टमधील क्रोमॅटिन रिमॉडेलिंग कॉम्प्लेक्स'चं भाषांतर एका लेखात 'किण्वातील रंगद्रव्य पुनर्रचना गुंतागुंत' असं केलंय, ते बरोबर आहे का?

नाही. गुंतागुंत दोऱ्यात होते, आजारपणात होते. अनेक प्रथिनं एकत्र येऊन काम करतात त्याला 'संकुल' हा चांगला शब्द आहे. तरी कॉम्प्लेक्स दिसला की गुंतागुंत लिहायची, हे किती वर्षं वाचायचं? रंगद्रव्यही चूक. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनए आणि प्रथिनांच्या या पदार्थाला वाल्थर फ्लेमिंग या जर्मन पेशीशास्त्रज्ञाने क्रोमॅटिन हे नाव दिलं, कारण तो पदार्थ बाहेरून घातलेला रंग धरत होता. 'क्रोमॅटिन-फेरमांडणी संकुल' म्हणा.

फेरमांडणीच, कारण नवं काही रचलं जात नाही. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळावर डीएनएच्या १४७ बेस-जोड्या सुमारे पावणेदोन वेढ्यांत गुंडाळलेल्या असतात. संकुल एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून डीएनएचा दोरा ओढतं, रीळ बाजूला सरकतं, कधी उखडून निघतं आणि खालचं जनुक वाचता येतं. यीस्टमध्ये अशी अनेक संकुलं असतात. त्यातलं 'आरएससी' नसेल तर पेशी मरते. 'स्विस्नफ' नसेल तर जगते, पण अडखळत.

यातलं 'स्नफ' पाहा : 'सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग', म्हणजे साखर न आंबवणारं. १९८४ मध्ये मॅरियन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेत उसाच्या साखरेवर नीट आंबू न शकणारं यीस्ट सापडलं. ती साखर फोडणारं विकर ज्या जनुकातून येतं, त्याच्या तोंडावरची रिळं हटत नव्हती. म्हणजे हे फेस न येणारं यीस्ट!

आणि यीस्ट या शब्दाचा अर्थच मुळात फेस, उकळी. कोमट साखरपाण्यात चमचाभर टाका, दहा मिनिटांत कपाच्या काठापर्यंत फसफसून येतं. संस्कृतातला 'यस्' हा त्याचा सख्खा भाऊ. धातुपाठाने, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीने, 'यसु प्रयत्ने' (यस् म्हणजे प्रयत्न करणे) एवढंच सांगून विषय मिटवला, आणि 'येष्' म्हणजे उकळणे हा धातू वेगळा मानणारे पंडित आजही त्यावरच विसंबतात. त्यांनी ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली ती फेस टाकणारी हंडी पाहावी : 'येषन्ती' (येष् वरून) आणि 'प्रयस्ता' (यस् वरून) ही दोन्ही विशेषणं तिथे एकाच हंडीला, शेजारीशेजारी लावली आहेत. आधी उकळणं, मग तापणं, मग अंग तापेस्तोवर खपणं, असाच अर्थ सरकला याबद्दल मला शंका नाही. प्रयास, आयास, आपले सायास सगळे इथलेच. ग्रीकमार्गे आलेला 'एक्झिमा'सुद्धा, म्हणजे उतू आलेली कातडी.

म्हणूनच 'यीस्ट परकं, किण्वच लिहा' हा हट्ट मला पटत नाही. कौटिल्याचं किण्व म्हणजे उडीद-तांदळाचं, मद्यात घालायचं मिश्रण. ती पेशी नव्हे. पेशीचं नाव यीस्टच राहू द्या, ते घरचंच आहे.