‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ? आई तर जिवंत आहे!

एक ताई सासरच्या घराण्याची पेनसिल्व्हेनियातली कोर्टाची कागदपत्रं मुलांसाठी मराठीत उतरवत आहेत. कागद एकोणिसाव्या शतकातले. त्यांचा प्रश्न असा: ‘ऑर्फन्स कोर्टा’पुढे आलेल्या या मुलांची आई हयात आहे, अर्जावर तिची सही आहे. मग ती मुलं अनाथ कशी?

ताई, तिथे ‘अनाथ’ लिहू नका. ‘पोरकी’ लिहा.

त्या काळच्या कायद्यात बाप वारला की मूल ‘ऑर्फन’. मिळकत बापाच्या नावावर असायची आणि तो गेला की मुलांच्या वाट्याला राखणदार उरायचा नाही. तो नेमायचं काम या कोर्टाचं. मुलं आईजवळच वाढायची, पण त्यांचा वाटा सांभाळणारा पालक पुष्कळदा दुसराच, जामीन लिहून दिलेला. मूल 14 वर्षांचं झालेलं असेल तर ते आपला पालक स्वतः निवडू शके. म्हणूनच त्या कागदांत ‘14 च्या आतली’ आणि ‘14 च्या वरची’ अशी मुलांची विभागणी दिसते. लंडनमध्ये महापौर आणि आल्डरमन (म्हणजे शहराचे ज्येष्ठ नगरसदस्य) यांचं असंच कोर्ट होतं, नाव तिथून अमेरिकेत गेलं. पेनसिल्व्हेनियात आणि मेरीलँडमध्ये ते आजही चालू आहे.

आता आपला शब्द. संस्कृतात नाथ म्हणजे धनी, रक्षणकर्ता, तो नसलेला तो अनाथ. व्युत्पत्तीने पाहिलं तर ‘ऑर्फन’शी हा शब्द चांगलाच जुळतो. पण आजच्या मराठी कानाला ‘अनाथ’ म्हटलं की आईबाप दोघंही नसलेलं, आश्रमातलं मूल दिसतं. पोरकं मात्र एकाच्या जाण्यानेही होता येतं. ‘आईला पोरका झाला’, ‘पितृछत्राला पोरकी झाली’ असं आपण सहज म्हणतो. मला हा शब्द फार जवळचा वाटतो, कारण नेमकं कोण गेलं हे तो विचारायला लावतो.

त्याच कागदांत ‘इन्फंट’ भेटेल. त्याचं ‘तान्हं’ करू नका, कायद्याने वयात न आलेला वीस वर्षांचा तरुणही तिथे इन्फंटच. मराठीत त्याला ‘अज्ञान’ हा तयार शब्द आहे. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि मग ‘आई अमुक’ असं पाहिलं असेल, ते ‘अज्ञान पालनकर्ता’. आपल्याकडे 18 ला माणूस सज्ञान होतो, पण कोर्टाने पालक नेमला असेल तर 1999 च्या दुरुस्तीपर्यंत 21 लागत.

‘एक्झिक्युटर’ आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ एकच करू नका. दोघंही मयताच्या मिळकतीची व्यवस्था लावणारे, पण पहिला मृत्युपत्राने नेमलेला, दुसरा मृत्युपत्र नसताना कोर्टाने.

तुमची ओळ मी अशी लिहीन: ‘मयताची पोरकी अज्ञान मुलं, वय 14 च्या आत, आई हयात.’