माळाच्या मातीत जिवाणू कल्चर टाकावं का?

प्रश्न: आमच्या गावचा (पुरंदर तालुका) माळ निम्मा नांगरून फळबागा झाल्या, उरलेल्यावर बारा महिने मेंढरं आणि उन्हाळ्यात वणवे, गवत पार विरळ झालंय. पोरं म्हणतात मातीतले जिवाणू मेलेत, कल्चर आणून फवारू. उपयोग होईल का?

उत्तर: कल्चरवर पैसे घालू नका, अगदी कळकळीने सांगतोय. दुकानातलं रायझोबियम नावाच्या जिवाणूंचं कल्चर हरभरा-तुरीसारख्या पिकांच्या मुळांवर गाठी धरतं, कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या मुळांवर नाही. आणि बाहेरून कुठलेही जीव आणले तरी ते खाणार काय? माळावर त्यांचं पोट गवताच्या मुळांवर चालतं, जिवंत मुळातून पाझरणारी साखर आणि मेलेली मुळं, बस. गवत विरळ झालं की तेही कमी होणारच, म्हणून आधी गवत.

खरं नुकसान नांगराने होतं. गवताच्या मुळात मायकोरायझा नावाची बुरशी असते, तिचे बारीक धागे मुळं पोचत नाहीत तिथून फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात, शिवाय मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. नांगर फिरला की धागे तुटतात, ढेकळातला जपून राहिलेला कर्ब उघडा पडतो, जिवाणू तो खाऊन टाकतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. पुढे जमीन पडीक सोडली तरी तो भरून यायला कित्येक दशकं लागतात, त्यामुळे उरलेला निम्मा माळ कुणालाही नांगरू देऊ नका. झाडं लावायची म्हणून सगळीकडे खड्डे आणि चर खणून गिरिपुष्प लावणंही मला पटत नाही, खणण्याने माती उलथते ती उलथतेच आणि सावलीत माळाचं गवत मागे पडतं.

मेंढरांना दोष देऊ नका. माळ आक्रसला म्हणून ती एकाच जागी अडकलीत. पावसाळ्यात एक तुकडा राखा, गवताचं बी पडू द्या, मग तिथे मेंढरं चारा, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा राखा. धनगरांना विचारून ठरवा, त्यांना माळ कळतो.

प्रश्न: ऊन वाढलं, पाऊस खंड देऊन येतो, त्याचा मातीतल्या जिवाणूंवर काय परिणाम?

उत्तर: बराच. कोरड्यात बरेच जिवाणू सुप्त होतात, काही पेशीत विरघळणारे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. एकदम सर आली की ते सगळं बाहेर टाकावं लागतं, काही फुटून मरतात, उरलेले त्यावर ताव मारतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोटच निघतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५०च्या दशकात हे मांडलं, म्हणून बर्च इफेक्ट म्हणतात. आता मोठा खंड, मग धो धो, परत खंड असं चाललं तर दर वेळी तेच.

अमेरिकेत ओक्लाहोमाच्या गवताळ रानात जमिनीचे तुकडे हीटर लावून वर्षानुवर्षं सुमारे ३ अंशांनी तापवले, तिथे जिवाणू आणि बुरशी दोन्हींच्या जाती घटल्या, आणि त्यात नुसत्या उष्णतेपेक्षा माती सुकण्याचा वाटा मोठा होता. तापमान तर आपल्या हातात नाही, पण सुकणं थोडंफार आहे: वाळलेलं गवत न जाळता उभं राहू दिलं तर मे महिन्यात माती उघडी पडत नाही.