‘फिरंगी’ म्हणजे नेमके कोण? हा शब्द आला कुठून?

मोघम अर्थ युरोपातला गोरा माणूस. ‘फिरणे’ किंवा ‘रंग’ यांच्याशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो.

मूळ आहे ‘फ्रँक’ या जर्मनिक टोळीच्या नावात. फ्रान्सचं नावही तिच्यावरूनच पडलं. 1096 पासून धर्मयुद्धांसाठी (क्रुसेड) पश्चिम युरोपातले लोक पूर्वेकडे येऊ लागले, तेव्हा अरबांनी त्या सगळ्यांना सरसकट ‘इफ्रंज’ म्हटलं. फारसीत त्याचं ‘फरंग’, ‘फरंगी’ झालं आणि तिथून शब्द आपल्याकडे आला.

मराठीतली गंमत वेगळीच. जुन्या कागदपत्रांत ‘फिरंगी’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त पोर्तुगीज! 1510 पासून गोव्यात ठाण मांडून बसलेले शेजारी तेच ना. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस असे वेगवेगळे मोजलेत आणि सगळ्यांना मिळून शब्द वापरलाय ‘टोपीकर’. म्हणजे खुद्द फ्रेंच ‘फिरंगी’त नाहीत, हे बघा.

‘फिरंग’ नावाची तलवारही होती: सरळ, लांब पातं युरोपातलं, मूठ इथली. आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंग रोग’ येतो, तो उपदंश, म्हणजे गरमी (सिफिलिस). पाहुण्यांबरोबर आलेला, म्हणून नावही त्यांचंच.

थाई भाषेत गोऱ्या माणसाला आजही ‘फरांग’ म्हणतात. आपल्याकडे मात्र आता चेष्टेत किंवा हिणवायलाच वापरतात, तेव्हा एखाद्या परदेशी पाहुण्याला तोंडावर म्हणू नका.