प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने चिंता आणि नैराश्य कमी होतं का? रोजची गोळी सोडून त्या घेता येतील का?

गोळी सोडू नका. एवढं आधी वाचा, बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की चिंतेसाठी काही महिन्यांपासून एस्सिटालोप्रॅम (चिंता-नैराश्यावरची गोळी) चालू आहे, आता बरंच बरं वाटतंय, आणि फोनवर सारखी 'मूड' प्रोबायोटिकची, म्हणजे फायद्याच्या जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलची, जाहिरात दिसते. त्यात म्हणे शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यातच बनतं, मग मेंदूची गोळी कशाला? आणि आई म्हणते, एवढे पैसे घालवण्यापेक्षा वाटीभर दही खा. मी डॉक्टर नाही. सांगलीला कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. त्यामुळे जिवाणूंबद्दल सांगतो. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आतडं आणि मेंदू एकमेकांशी बोलतात, यात थाप काही नाही. २००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर थोडा वेळ जखडून ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातली तणावाची हार्मोन्स साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वाढली. त्यांना बायफिडोबॅक्टेरियम हा आतड्यातला एक जिवाणू दिला आणि हा फरक भरून आला. मग २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या मंडळींनी (जॉन क्रायन, टेड डायनन आणि सहकारी) उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा जेबी-१ हा एक विशिष्ट वाण (स्ट्रेन) खाऊ घातला. उंदीर कमी घाबरायला लागले, मेंदूच्या काही भागांतले गाबा रिसेप्टर (मेंदूला शांत करणारं गाबा हे रसायन जिथे चिकटतं त्या जागा) बदलले. खरी गंमत पुढे आहे. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापलेल्या उंदरांवर तोच जिवाणू काहीच करू शकला नाही. म्हणजे निरोप कुठल्या वाटेने जातो, तेही दिसलं. हा प्रयोग मी वर्गात शिकवतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

जाहिरातवाले गोष्ट इथेच थांबवतात. याच कॉर्कच्या गटाने पुढे तोच जेबी-१ माणसांना दिला. २९ निरोगी पुरुष. काही आठवडे खरी कॅप्सूल, काही आठवडे बिनऔषधाची, कोणती कधी ते त्यांना माहीत नाही. कुणीतरी बघत असताना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला, कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोन मोजलं, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला. फरक शून्य. २०१७ मध्ये त्यांनी हे छापलं, स्वतःच्याच गाजलेल्या कामाच्या विरुद्ध जाणारं. मला या माणसांबद्दल आदर आहे तो पहिल्या प्रयोगापेक्षा या दुसऱ्यामुळे.

आता तुमच्या बाजूने जाणारे पुरावेही सांगतो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात इरिटेबल बाउल (सारखं पोट बिघडणारा आजार) आणि सोबत सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेल्या ४४ जणांवर चाचणी झाली. बायफिडोबॅक्टेरियम लाँगमचा एक वाण ६ आठवडे घेतलेल्या २२ पैकी १४ जणांचं नैराश्य कमी झालं, जिवाणू नसलेली नुसती पूड घेतलेल्या २२ पैकी ७ जणांचं. चिंतेत मात्र फरक पडला नाही, आणि तुमची तक्रार चिंतेची आहे. पैसा नेस्लेचा होता, हेही लक्षात असू द्या. २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने नैराश्याच्या ४९ रुग्णांना १४ वाणांचं मिश्रण किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण बिनऔषधाचं) दिलं. ८ आठवड्यांत प्रोबायोटिकवाल्यांना जास्त बरं वाटलं. आशेला जागा आहे. पण ती सगळी माणसं आपली नेहमीची नैराश्याची गोळी घेत होती आणि त्या गोळीच्या जोडीला कॅप्सूल होती. गोळी सोडून कॅप्सूल घ्या, असं त्यातून कुठेच निघत नाही. उलट न्यूझीलंडमध्ये २०१७ साली उदास वाटणाऱ्या, पण औषध न घेणाऱ्या ७९ जणांना दोन नावाजलेले वाण दिले, तर प्लासिबोपेक्षा काहीच वेगळं घडलं नाही.

सेरोटोनिनचा तो आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं स्वतः बनवतो. आतड्यातलं आतड्याच्याच हालचालीसाठी वापरलं जातं. एस्सिटालोप्रॅम सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळ, पोट ढवळणं झालं असेल ना? गोळी दोन्हीकडच्या सेरोटोनिनवर काम करते, त्याचा तो पुरावा. हीच गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेसारखे झटके असलं काहीही होऊ शकतं, आणि मूळ दुखणं उलटण्याचा धोका वेगळाच. बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. मध्येच कधी फार वाईट वाटलं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्ही शाकाहारी आहात आणि थकवा, विसरभोळेपणाही लिहिलाय, म्हणून एक सुचवतो: डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती सर्रास आहे ते दिसलंय. ती असेल तर उदास वाटतं, डोकं चालत नाही. ॲसिडिटीची गोळी रोज पोटात जात असेल तर आणखीच. महागड्या कॅप्सूलच्या आधी हे पाहणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

आईंच्या दह्याबद्दल. आमच्याकडे एस.वाय.ची मुलं घरून दही आणतात, काचपट्टीवर पातळ पसरतात, ग्रॅम स्टेन करतात (जिवाणू दिसावेत म्हणून रंग देतात) आणि ऑइल टाकून १००च्या लेन्सखाली बघतात. जांभळ्या बारीक काड्या, गोल जिवाणूंच्या लांब माळा, मध्येच एखादं यीस्ट. एका घरचं दही दुसऱ्या घरच्या दह्यासारखं क्वचितच दिसतं, कारण विरजण निराळं, दूध निराळं, हवा निराळी. म्हणून दह्यात जिवाणू भरपूर असले तरी ते अमुक आजारावर तपासलेले वाण आहेत, असं म्हणता येत नाही. प्रोबायोटिकचा गुण वाणागणिक बदलतो. तरीही दही-ताक खावंच. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्लेल्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले दाह दाखवणारे बरेच घटक उतरले. मन त्यामुळे हलकं झालं, असं मात्र त्यात दिसलं नाही. (कढी केलीत, इडल्या वाफवल्यात की जिवाणू मेले. चव राहते, तीही काही कमी नाही.)

एवढं होऊनही कॅप्सूल घेऊन बघायचीच असेल, तर डॉक्टरांना सांगून, गोळीच्या जोडीला घ्या. डबीवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं पुरत नाही. पुढे वाणाचा क्रमांक हवा आणि त्याच वाणावर माणसांत अभ्यास झालेला हवा. आपल्याकडे नियमाप्रमाणे रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात, पण अब्जांचे आकडे बघून भुलू नका. ते एक्सपायरीपर्यंत जिवंत राहतात की फक्त भरताना होते, हे वाचा. दुकानात ती डबी उन्हातल्या काचेत ठेवलेली असेल तर घेऊच नका; आमच्या प्रॅक्टिकलमध्ये अशा काही कॅप्सूल पेट्रीडिशवर टाकल्या, तर दोन दिवसांनी डिश कोरी. सुरुवातीला पोटात गॅस होईल, तो बहुधा आपोआप जातो. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने हात लावू नये. ८ आठवडे घ्या, झोप आणि चिंता रोज वहीत दोन शब्दांत टिपा, आणि फरक दिसला नाही तर पुढची डबी मागवू नका.