साध्या कागदावरची एक सही

डिचोलीहून एका ताईंनी लिहिले आहे. धाकटा भाऊ वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी बांबोळीला आयपीएचबी या मनोरुग्णालयात दाखल होता, गोळ्यांनी सावरला, कॉलेजला जाऊ लागला. आता बाबा म्हणतात, गोळ्यांनी पोरगा फुगलाय, दहा वाजेपर्यंत लोळतो, बंद करा. बाबांचे ऐकून त्याने सोडल्या. आई मात्र चोरून गोळी चमच्याखाली चुरडून त्याच्या पेजेत घालते. कायद्याने शब्द कोणाचा, आईचा की बाबांचा? आणि गोव्यात समान नागरी कायदा आहे, त्यात बापाला काही जास्तीचा अधिकार आहे का?

असे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. नागरी कायद्याचे आधी उरकतो: तो लग्नाचा, मालमत्तेचा, वारशाचा. इथे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागतो.

आई की बाबा, असे विचारता. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याचे काय? भाऊ सज्ञान आहे. औषध कशासाठी, न घेतल्यास काय होईल, हे त्याला कळत असेल आणि आपले म्हणणे सांगता येत असेल, तर कलम ४ प्रमाणे निर्णय त्याचा. तो निर्णय घरच्यांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला समज नाही असे धरता येत नाही.

त्याची समज ढळली, की नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साथ देणारा माणूस, पुढे येतो. कलम १४. रुग्णाने कोणाचेच नाव दिले नसेल, तर पहिला मान नातेवाइकाचा. नुसते ‘नातेवाईक’! आई आधी की बाप आधी, यावर कलम गप्प आहे. उद्या रात्री दोन वाजता आई म्हणेल दाखल करा, बाबा म्हणतील घरी न्या, आणि ड्युटीवरचा डॉक्टर दोघांच्या तोंडाकडे बघत बसेल.

यावर उपाय साध्या कागदाचा आहे. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. भावाने लिहायचे की माझा प्रतिनिधी अमुक, खाली सही. त्या अमुकने लेखी होकार द्यायचा. पुढे मन बदलले तर त्याला नाव बदलता येते. तो कॉलेजला जात होता तेव्हा हे पाच मिनिटांचे काम होते. तुम्ही मला फाईल पाठवलीत, तीत रिक्षाच्या पावत्यासुद्धा जपल्या आहेत, आणि हा कागद नाही. काय म्हणावे!

अजून तो समजून बोलत असेल तर लगेच लिहून घ्या. नाव तुमचे घातले तर बरे, पण ठरवू दे त्याला. त्या दिवशी त्याची समज शाबूत होती, अशी नोंद डॉक्टरांकडून केसपेपरवर करून घ्या. उद्या बाबा त्या सहीवरच बोट ठेवतील.

समज ढळून गाडी पुढे गेली असेल तर मी ठामपणे फार बोलणार नाही. जिवाला धोका वगैरे असेल तर कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार होतात. कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन जाणकारांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. म्हणजे प्रतिनिधी पुन्हा आलाच. याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडून तो नेमून घेता येतो, कायद्यात त्याला सात दिवस दिले आहेत. तारखांवर तारखा बघितलेला माणूस अशा आकड्यावर विसंबत नाही. बाबांविरुद्ध पर्वरीला हायकोर्टात जायचे तर त्याहून नको.

प्रतिनिधी झालात म्हणजे घरी दामटून गोळी भरवायचा परवाना मिळाला, असेही समजू नका. पेजेतले प्रकरण तर डॉक्टरांना उद्याच सांगा. पोरगा औषध घेत नाही असे धरून ते आणखी औषध देतील, आणि काही गोळ्या चुरडायच्याच नसतात. गोळी आपल्या मनाने एकदम थांबवू मात्र नका. बाबांनाही बरोबर न्या. वजनाची त्यांची तक्रार खरी असू शकते आणि औषध बदलता येते का, हे डॉक्टरांनाच विचारायचे. जाताना कोरा कागद आणि पेन पिशवीत असू दे.